निवेदनावर माझी सही नाही : आपल्या संघाच्या चाहत्यांना खुले पत्र

मित्रांनो,

आपल्या फुटबॉल क्लबच्या मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची रिकामी होऊन तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत आपण एकमेकांशी जेवढे भांडलो, तेवढे अख्ख्या हंगामात प्रतिस्पर्धी संघांच्या चाहत्यांशीही भांडलो नसू. काल आपल्या चाहता मंडळाचं निवेदन माझ्याकडे सहीसाठी आलं. क्लबच्या संचालक मंडळाला लिहिलेलं, एका पानाचं, आणि मागणी एकच: आपल्या जुन्या कर्णधाराला मुख्य प्रशिक्षक करा. खाली सह्यांची भली मोठी रांग. त्यात माझ्या अगदी जवळच्या माणसांच्याही सह्या होत्या. मी ते दोनदा वाचलं आणि सही न करता परत पाठवलं. तेव्हापासून फोन येताहेत. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच लिहितो.

कर्णधाराविषयी माझ्या मनात काडीचाही आकस नाही. त्याच्या नंबरची जर्सी घालून मी वर्षानुवर्षं मैदानावर आलो आहे. शेवटच्या सामन्यात त्याने दंडावरची पट्टी सोडली आणि शेजारच्या पोराच्या हातात दिली, तेव्हा आपल्या स्टँडमध्ये जे हुंदके फुटले त्यातला एक माझा होता. तो उद्या खरोखरच प्रशिक्षक झाला, तर पहिल्या दिवशी टाळ्या वाजवायला मी हजर असेन. पण ‘तो आपला आहे’ एवढ्या एका कारणावर त्याला या खुर्चीत बसवा असं सांगणारा कागद मला त्याच्यावरही अन्याय करणारा वाटतो.

बाकीच्या तटांनी निवेदनं काढली असती तर मी त्यांवरही सही केली नसती, हेही सांगून टाकतो. एका तटाला कपाटभर करंडक जिंकलेलं मोठं नाव हवं आहे. एकाला छोट्या क्लबमध्ये देखणं फुटबॉल खेळवणारा तरुण हवा आहे. आणि हंगामी प्रशिक्षकाने पाचपैकी चार सामने जिंकून दिल्यापासून ‘आहे तोच बरा’ म्हणणाऱ्यांची संख्या रोज वाढते आहे. चारही बाजूंना जाणती माणसं आहेत. तरीही वाद पुढे सरकत नाही, कारण आपण माणसावर बोलतो आहोत आणि त्याला करायच्या कामावर कोणीच बोलत नाही.

ब्रायन क्लफ यांची गोष्ट तुम्हाला अर्धी ठाऊक असेल. मला ती पूर्ण सांगायची आहे. १९७४ च्या उन्हाळ्यात लीड्स युनायटेड इंग्लंडचा विजेता संघ होता. त्याला घडवणारे डॉन रेव्ही इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडे गेले आणि त्यांच्या जागी क्लफ आले. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी डर्बी काउंटीला लीग जिंकून दिली होती. कर्तबगारीबद्दल कोणालाच शंका नव्हती. पण हाच माणूस कित्येक वर्षं लीड्सच्या धसमुसळ्या खेळावर जाहीर टीका करत आला होता, आणि आता त्याच खेळाडूंसमोर तो उभा होता. शिवाय डर्बीत सावलीसारखे सोबत असलेले सहायक पीटर टेलर या वेळी बरोबर नव्हते. लीगच्या सहा सामन्यांत एक विजय मिळाला आणि चव्वेचाळिसाव्या दिवशी क्लफ यांना घरी पाठवण्यात आलं.

लोक गोष्ट इथे संपवतात. पण जानेवारी १९७५ मध्ये हेच क्लफ दुसऱ्या श्रेणीतल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे गेले. १९७६ मध्ये टेलर येऊन मिळाले. १९७७ मध्ये संघ वरच्या श्रेणीत चढला, १९७८ मध्ये इंग्लंडचा विजेता झाला आणि १९७९ व १९८० मध्ये लागोपाठ दोनदा युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या विजेत्या क्लबांमधला करंडक, घेऊन आला. चव्वेचाळीस दिवसांचे क्लफ आणि दोन युरोपियन कपांचे क्लफ यांच्यात अंतर सहा वर्षांहूनही कमी. एवढ्यात माणसाच्या अंगची अक्कल बदलत नाही. बदलला तो संघ, बदलली ती ड्रेसिंग रूम, आणि सोबतचा माणूस परत आला. १९७४ मध्ये लीड्सच्या चाहत्यांनी ‘क्लफ चांगले की वाईट’ यावर मतदान घेतलं असतं, तर कौल कुठलाही लागला तरी तो चुकलाच असता. प्रश्नच चुकीचा होता.

आपलाही प्रश्न चुकतो आहे. आपल्या संघाकडे जरा तटस्थपणे बघा. गेल्या तीन प्रशिक्षकांपैकी पहिल्याला रेषेला चिकटून पळणारे विंगर हवे होते, ते आणले. दुसरा तीन सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, घेऊन खेळायचा, त्याच्यासाठी दोन नवे बचावपटू आले आणि विंगर बाकावर बसले. तिसऱ्याला हेडर मारणारा उंच स्ट्रायकर पाहिजे होता. तो मिळाला, पण तोपर्यंत कडेवरून गोलसमोर उंच पास (क्रॉस) टाकणारे विंगर विकून झाले होते. आज आपल्या ड्रेसिंग रूममध्ये तीन वेगवेगळ्या स्वयंपाकांची उरलीसुरली सामग्री आहे, आणि चौथा आचारी कोण आणायचा यावर आपण हमरीतुमरीवर आलो आहोत. जेवणाचा बेत कोण ठरवतं, हे कोणी विचारत नाही.

मॅनेजर आणि हेड कोच हे शब्द आपण बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. कामात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. मँचेस्टर युनायटेडचे सर ॲलेक्स फर्ग्युसन हे जुन्या अर्थाने मॅनेजर होते. कोणाला घ्यायचं, कोणाला विकायचं, अकादमीत काय शिकवायचं, सगळ्यात त्यांचा शब्द चाले. आजच्या बहुतेक क्लबांत मुख्य प्रशिक्षक सराव घेतो, संघ निवडतो, सामन्यात बदल करतो. खेळाडू आणण्याचं काम स्पोर्टिंग डायरेक्टर आणि त्याच्या हाताखालचे खेळाडू हेरणारे स्काउट करतात. दोन्ही पद्धती चालू शकतात. गोंधळ होतो तो कुठली पद्धत आहे हेच ठरलेलं नसतं तेव्हा. २०१३ मध्ये मँचेस्टर युनायटेडने हे भोगलं. फर्ग्युसन निवृत्त झाले आणि त्याच उन्हाळ्यात खेळाडूंचे व्यवहार सांभाळणारे मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल यांनीही पद सोडलं. नवे मॅनेजर डेव्हिड मॉयेस यांना तब्बल सहा वर्षांचा करार मिळाला. वयाकडे झुकलेला संघ त्यांच्या हाती आला, आणि त्या उन्हाळ्यातली मोठी खरेदी म्हणावी तर खेळाडू-खरेदीची मुदत संपण्याच्या दिवशी घेतलेला एकटा मिडफिल्डर फेलायनी. आदल्या हंगामात अकरा गुणांच्या फरकाने लीग जिंकलेला क्लब सातव्या स्थानावर घसरला. सहा वर्षांचा करार दहा महिन्यांत संपला. मॉयेस यांच्या चुका झाल्याच, मी त्या पोटात घालत नाही. पण घराचे दोन खांब एकाच वेळी काढायचे आणि छप्पर खचलं की नव्या भाडेकरूला जबाबदार धरायचं, हा न्याय नव्हे.

उलट ब्रायटनकडे बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये हंगाम ऐन सुरू असताना चेल्सीने त्यांचे प्रशिक्षक ग्रॅहम पॉटर उचलून नेले. दीड आठवड्याच्या आत रोबेर्तो दे झेर्बी येऊन कामाला लागले होते आणि त्या हंगामाच्या शेवटी ब्रायटन सहाव्या स्थानावर होता. क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच युरोपच्या स्पर्धेचं दार उघडलं. प्रशिक्षक कधीतरी जाणारच हे त्या क्लबने गृहीत धरलेलं होतं आणि पुढचा शोध आधीपासून चालू ठेवला होता. पॉटर यांना मात्र चेल्सीत सात महिनेही काढता आले नाहीत.

आता कर्णधाराच्या मुद्द्याकडे येतो. आपल्याच जुन्या क्लबचे यशस्वी प्रशिक्षक झालेल्या पेप गार्डिओला आणि झिनेदिन झिदान यांची उदाहरणं गेल्या आठवड्यात मला किमान वीस जणांनी दिली. दोन्ही खरी आहेत. फक्त त्यांतली मधली पायरी आपण गाळतो. गार्डिओला २००८ मध्ये बार्सिलोनाच्या मुख्य संघाकडे आले ते वर्षभर क्लबच्या ब संघाला चौथ्या श्रेणीत खेळवून, वर चढवून. झिदान यांनी आधी कार्लो आन्चेलोत्ती यांच्या हाताखाली सहायक म्हणून काम केलं, मग रेआल माद्रिदच्या दुसऱ्या संघाला दीड वर्ष सांभाळलं, आणि जानेवारी २०१६ मध्ये वरची जबाबदारी घेतली. पायरी गाळली की काय होतं हे युव्हेंटसला विचारा. जुलै २०२० च्या शेवटी त्यांनी आपला लाडका आंद्रेया पिर्लो २३ वर्षांखालील संघाचा प्रशिक्षक म्हणून जाहीर केला. त्या संघाचा एकही सामना होण्याआधी, जेमतेम नऊ दिवसांत, त्याला थेट मुख्य संघ देऊन टाकला. लागोपाठ नऊ वेळा लीग जिंकलेला संघ चौथा आला. इटालियन कप जिंकूनही हंगाम संपताच पिर्लोला जावं लागलं. पिर्लोएवढी फुटबॉलची जाण असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. चूक त्याच्या जाणिवेत नव्हती, त्याला शिकायला जागाच दिली नाही यात होती.

आपल्या कर्णधाराने आजवर कुठल्याच संघाला प्रशिक्षण दिलेलं नाही. त्याला अकादमीचा १९ वर्षांखालील संघ द्या अशी मागणी असती, तर मी पहिली सही केली असती. त्याचा पहिला वाईट महिना रिकाम्या मैदानावर, शे-दोनशे लोकांसमोर येऊ दे. भरलेल्या स्टेडियमसमोर नको. ज्या माणसावर आपण इतकं प्रेम केलं त्याच्याविरुद्ध आपल्याच स्टँडमधून घोषणा ऐकायची माझी तयारी नाही. आणि आपला स्वभाव मला माहीत आहे, त्या घोषणा होतील.

हंगामी प्रशिक्षकाचा मुद्दा मला सगळ्यात अवघड वाटतो. कारण तो माणूस सज्जन आहे, पोरं त्याच्यासाठी जीव तोडून खेळताहेत आणि गुणतालिका त्याच्या बाजूने बोलते आहे. पण ओले गुन्नर सोल्शायर यांचं काय झालं ते आठवा. डिसेंबर २०१८ मध्ये ते मँचेस्टर युनायटेडचे हंगामी प्रशिक्षक झाले आणि एकोणीसपैकी चौदा सामने जिंकले. मार्चमध्ये पॅरिसला जाऊन तिथल्या संघाविरुद्ध पहिल्या लढतीतली दोन गोलांची पिछाडी भरून काढली, त्या रात्री जगभर त्यांना कायम करा अशी हाकाटी झाली. २८ मार्चला कायम केलंही. त्यानंतर हंगामात उरलेल्या दहा सामन्यांत फक्त दोन विजय. पुढे त्यांनी संघाला लीगमध्ये तिसरा आणि मग दुसरा क्रमांक मिळवून दिला, तेव्हा निवड साफ चुकली असंही म्हणता येत नाही. पण ज्या कारणाने निवड झाली ते कारण टिकाऊ नव्हतं.

का नव्हतं, याचं एक उत्तर अर्थशास्त्राकडे आहे. बास तेर वेल या डच अर्थतज्ज्ञांनी नेदरलँड्सच्या लीगचे १९८६ ते २००४ या काळातले निकाल तपासले. वाईट दिवसांत प्रशिक्षक बदलणारे संघ पुढे सावरतात, हे खरंच निघालं. पण त्यांनी आणखी एक तुलना केली. तितकेच वाईट दिवस आलेले आणि तरीही प्रशिक्षक न बदललेले संघ घेतले. तेही जवळपास तसेच सावरले होते. ज्या संघाचे चेंडू दोन महिने गोलखांबाला लागून बाहेर जात असतात, त्याचे काही चेंडू तिसऱ्या महिन्यात आपसूक आत जाऊ लागतात. त्या वेळी बाकावर जो बसलेला असतो त्याला श्रेय मिळतं, आणि आधीचा बळीचा बकरा ठरतो. आपल्या गेल्या पाच सामन्यांच्या चित्रफिती मी पुन्हा पाहिल्या. जिंकलेल्या चारपैकी दोन सामन्यांत आपला गोलरक्षक नसता तर आपण दुसऱ्या सत्राआधीच संपलो असतो. हंगामी प्रशिक्षकाला अर्ज करू द्यावा, त्याची मुलाखत इतरांसारखीच व्हावी. पाच सामन्यांची पुण्याई एवढीच धरावी.

मोठ्या नावाविषयी फार लिहीत नाही. खेळाडूंच्या पगारावर जो क्लब जास्त खर्च करतो तो साधारणपणे वर असतो, हे फुटबॉलच्या अर्थशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. त्यामुळे श्रीमंत क्लबांत जिंकलेल्या करंडकांवरून प्रशिक्षकाचा वाटा किती हे कळत नाही. हातातल्या खेळाडूंकडून त्याने अपेक्षेपेक्षा किती जास्त काढलं, हे बघायला हवं. आणि त्यासाठी गुणतालिकेच्या आत डोकवावं लागतं. २०१४-१५ च्या हंगामात युर्गन क्लॉप यांचा बोरुसिया डॉर्टमुंड हिवाळ्याच्या सुट्टीला गेला तेव्हा शेवटून दुसरा होता. हंगामाअखेर सातवा आला. वरवर बघणाऱ्याला वाटलं, संपला हा माणूस. लिव्हरपूलचे तेव्हाचे संशोधन प्रमुख इयन ग्रॅहम यांनी मात्र त्या हंगामातल्या गोलसंधी मोजल्या: कुठून किती फटके मारले, किती दिले, प्रत्येक फटक्यातून गोल होण्याची शक्यता किती. डॉर्टमुंडचा खेळ चांगलाच होता, नशीब वाईट होतं, असा निष्कर्ष निघाला. ऑक्टोबर २०१५ मध्ये क्लॉप लिव्हरपूलला आले. पहिल्या हंगामात संघ आठवा. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपियन कपचंच आजचं रूप, आणि २०२० मध्ये तीस वर्षांनी इंग्लंडची लीग.

झाबी आलोन्सो यांचंही तसंच. स्पेनमधल्या रेआल सोसिएदादच्या ब संघाला त्यांनी २०२१ मध्ये दुसऱ्या श्रेणीत नेलं आणि वर्षभरात तो पुन्हा खाली आला. म्हणजे नावापुढे संघाच्या घसरणीची ताजी नोंद होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये बायर लेव्हरकूझेनने त्यांना बोलावलं तेव्हा संघ अठरांत सतरावा होता. २०२३-२४ मध्ये त्याच क्लबने जर्मनीची लीग एकही सामना न हरता जिंकली, २८ विजय आणि ६ बरोबरी. त्यांचा अर्ज आपल्यासमोर आला असता तर ‘याचा संघ तर खाली गेलाय’ म्हणून आपण तो बाजूला फेकला असता, याची मला खात्री आहे.

तरुण प्रशिक्षकाच्या विरोधात एक वाक्य सारखं कानावर येतं: ‘हा स्वतः कधी वरच्या पातळीवर खेळला का?’ आर्रिगो साकी खेळले नव्हते. वडिलांच्या चपला-बुटांच्या कारखान्यात काम करत ते छोट्या संघांना शिकवत होते. पार्मा या खालच्या श्रेणीतल्या संघाकडून त्यांनी कपमध्ये एसी मिलानला हरवलं, तेव्हा मिलाननेच त्यांना १९८७ मध्ये बोलावून घेतलं. पहिल्याच हंगामात लीग, मग १९८९ आणि १९९० चे युरोपियन कप. त्यांनीच सांगितलेला सरावाचा एक प्रयोग मला फार आवडतो. एका बाजूला गोलरक्षक आणि चार बचावपटू: तासोत्ती, मालदिनी, कोस्ताकुर्ता, बारेसी. समोर गुलिट आणि व्हान बास्टन यांच्यासह दहा जण. पंधरा मिनिटांत गोल करून दाखवा. दहा जणांना तो करता येत नसे. पाच जण एका विचाराने हलत होते, आणि दहा जण आपापल्या गुणवत्तेने.

एका विचाराने हलणं म्हणजे काय, याचा मला थोडाफार अनुभव आहे. सहा वर्षं मी १४ वर्षांखालच्या मुलांना शिकवतो आहे. गेल्या वर्षी ठरवलं की यांना एकच गोष्ट शिकवायची: समोरच्या बचावपटूने चेंडू रेषेजवळच्या साथीदाराकडे दिला की चौघांनी मिळून त्याला कोंडायचं. ऐकायला सोपं. पहिला धावतो, दुसरा आतली वाट बंद करतो, तिसरा मागे जाणारा पास अडवतो, चौथा मधल्या मोकळ्या माणसाला धरतो. चौथा अर्धा सेकंद उशिरा निघाला तर पहिल्या तिघांचं धावणं फुकट जातं आणि आपल्या मागे भगदाड पडतं. मुलांना हे नीट जमायला दोन महिने लागले, त्यात तीन सामने आम्ही वाईट हरलो. पालक चिडले. एकाने मुलाला काढून नेलं. तिसऱ्या महिन्यात एका सामन्यात चौघेही न सांगता एकदम निघाले, चेंडू हिसकावला, गोल झाला. गोल करणाऱ्या पोराने धावत येऊन मिठी मारली ती चौथ्याला. प्रशिक्षकाच्या कामाचं मोल मला त्या दिवशी जेवढं समजलं तेवढं कुठल्याही चर्चेत समजलं नव्हतं. व्यावसायिक खेळाडू हे लवकर शिकतात, पण त्यांना दर तीन-चार दिवसांनी सामना असतो. नवा प्रशिक्षक हंगामाच्या मध्यात आला तर पुरेसे सरावाचे दिवसच त्याच्या वाट्याला येत नाहीत. म्हणून मी म्हणतो, तो उन्हाळ्यात, सरावाला सुरुवात होण्याआधी आला पाहिजे. मग त्यासाठी हंगामी प्रशिक्षकाकडे आणखी दोन महिने ठेवावे लागले तरी चालेल.

धीराविषयी बोलताना फर्ग्युसन यांचा दाखला सगळेच देतात. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते आले, डिसेंबर १९८९ मध्ये त्यांच्याच मैदानावर चाहत्याने ‘आता पुरे’ अशा अर्थाचा फलक झळकवला, मे १९९० मध्ये एफए कप आला आणि १९९३ मध्ये सव्वीस वर्षांनी लीग. पण नुसतं थांबलं की करंडक येतो, असा अर्थ त्यातून काढू नका. धीर धरूनही काहीच हाती न लागलेले क्लब कितीतरी आहेत, त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. युनायटेडच्या संचालकांना त्या तीन वर्षांत मैदानाबाहेर काही दिसत होतं: तरुण खेळाडू हेरणारी यंत्रणा नव्याने उभी राहत होती, अकादमीत पोरं येत होती. धीर धरायला कारण लागतं. ते कारण क्लबने आपल्याला दाखवलं पाहिजे, आणि दाखवलं तर आपण धीर धरला पाहिजे.

इथे मला आपल्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्यात मीही आलो. आधीच्या प्रशिक्षकाचा शेवटचा सामना आठवा. दोन गोलांनी मागे होतो. सत्तराव्या मिनिटाला त्याने आपल्या एकोणीस वर्षांच्या लेफ्ट-बॅकला, डाव्या बाजूच्या बचावपटूला, बाहेर बोलावलं. राग प्रशिक्षकावर होता, पण हुर्यो सुरू झाली ती पोरगा रेषेकडे चालत येत असताना. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. मी पाचव्या रांगेत होतो, मला त्याचा चेहरा दिसत होता. त्याला वाटलं, हे सगळं आपल्यासाठी आहे. तो बाकावर बसला आणि सामना संपेपर्यंत त्याने जर्सीतून तोंड बाहेर काढलं नाही. मी त्या हुर्योत होतो. ते मला अजून बोचतं. अकादमीत नऊ वर्षं काढून वर आलेला आपला मुलगा तो. त्यानंतरच्या तीन सामन्यांत त्याने एकदाही मधली रेषा ओलांडण्याचं धाडस केलं नाही. तुम्ही म्हणालात की तो फॉर्ममध्ये नाही. मला माहीत आहे तो कशामुळे पुढे जात नाही.

कोणीही आला तरी हाच मुलगा, हेच मैदान आणि हेच आपण त्याच्या वाट्याला येणार आहोत.

म्हणून माझी विनंती आहे की निवेदन मागे घ्या आणि त्याच सह्यांनिशी दुसरं द्या. संचालकांना विचारा की पुढची तीन वर्षं हा क्लब कशा प्रकारचं फुटबॉल खेळणार आहे, आणि प्रशिक्षक बदलला तरी ते बदलणार नाही याची हमी कोण देणार. खेळाडू निवडताना अंतिम शब्द कोणाचा, ते नावानिशी सांगा म्हणा. उमेदवारांच्या मुलाखतीत आपल्या आजच्या बावीस खेळाडूंबद्दल काय विचारलं, तेही ऐकू द्या. जो उमेदवार ‘मला आधी सहा नवे खेळाडू द्या’ म्हणेल त्याच्यापेक्षा ‘तुमच्या या लेफ्ट-बॅकला मी असा वापरेन’ म्हणणारा मला जवळचा वाटेल. आणि त्याच कागदावर आपल्या बाजूनेही एक ओळ लिहू: उत्तरं मिळाली तर पहिल्या हंगामात प्रशिक्षकाविरुद्ध घोषणा देणार नाही, आणि मैदानातून बाहेर येणाऱ्या आपल्या खेळाडूची हुर्यो कधीच उडवणार नाही. मागणी करायची तर आपल्याकडूनही काही द्यावं लागतं.

उत्तरं मिळाली नाहीत तर मात्र मी तुमच्याबरोबर फाटकाबाहेर उभा राहीन, पाऊस असो की ऊन. तेव्हाही फलकावर एका माणसाचं नाव नको.

कर्णधाराला मी काल स्वतंत्र पत्र लिहिलं. अकादमीच्या संघासाठी त्याने विचार करावा अशी त्यात विनंती केली आहे. त्याचं उत्तर आलं तर ते त्याच्या परवानगीने तुमच्यासमोर ठेवीन.

दुसऱ्या निवेदनाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. शनिवारच्या बैठकीत वाचून दाखवतो. त्यात दुरुस्त्या सुचवा, शब्द बदला, हवं तर अर्धा खोडा. लेफ्ट-बॅकबद्दलची ओळ तेवढी राहू द्या.

तुमचाच,
पाचव्या रांगेतला एक जुना सभासद